चौथं बूच

चौथी नळी काही केल्या निघत नव्हती.

पहिल्या तीन निघाल्या होत्या. रॉकेल सोडायचं, थोडं थांबायचं, पाना हलकेच मागेपुढे करायचा, की गंज कर्रकन सोडत होता. चौथी मात्र इंजिनाच्या अगदी मागच्या टोकाला, पत्र्याला चिकटून होती. तिथं नुसता हात जात होता, पाना धरलेला हात जात नव्हता.

"दमानं, माले," नाना चौगुले माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "बिडाचं हेड हाय. चिरलं तर दुसरं आणायचं कुठनं?"

नानांचं खरं होतं. कोल्हापुरात तसली दुसरी गाडी नव्हती. लाल रंगाची, दोनच सीटची, वर कापडी टप असलेली एमजी. प्रोफेसर हुपरीकर तेवीस वर्षं अमेरिकेत गणित शिकवून परत आले, तेव्हा बोटीतून ती बरोबर घेऊन आले होते. विलायतेत बनलेली, अमेरिकेत विकलेली, आणि शहाऐंशी सालच्या जानेवारीत आमच्या उद्यमनगरात, नानांच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी असलेली.

तिच्या इंजिनावर हवेचा एक पंप होता. अमेरिकेत धुराचे कायदे कडक, म्हणून तिकडं पाठवायच्या गाड्यांना तो बसवत. पंप पट्ट्यावर फिरायचा, चार नळ्यांतून हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या ओतीव भागात, ताजी हवा सोडायचा, म्हणजे बाहेर पडणारा धूर आतच आणखी जळून जरा स्वच्छ निघायचा. त्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. गाडी सुरू केली की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळी उठे. तसलं बेअरिंग इथं मिळत नव्हतं, आणि धुराचा तसला कायदाही इथं नव्हता. तेव्हा प्रोफेसरांनी ठरवलं की पंप काढून टाकायचा, नळ्या काढायच्या आणि हेडला उरणारी चार भोकं बुचं बसवून बंद करायची.

ती चार बुचं करायचं आणि बसवायचं काम माझ्याकडं होतं.

मी दादू टर्नरची मुलगी. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणंही निम्मं गेलं. भाऊ नव्हता. लहानपणापासून त्यांच्या लेथपाशी उभी राहून मी आटे पाडायला शिकले होते, म्हणून लेथ मी चालवायला घेतला. पण पोरीच्या हातचं काम घ्यायला गल्लीत कुणी तयार होईना. एक नाना तेवढे उभे राहिले. चहाच्या गाड्यापाशी दहा जणांसमोर ते म्हणाले होते, "हातात बांगडी हाय म्हणून आटा वाकडा पडत न्हाई. मी देतो तिला काम. बिघडलं तर माझ्याकडं या." त्यानंतरच्या दीड वर्षात माझं एकही काम परत आलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास चौथी नळी निघाली. भोकातल्या आट्यांत काजळी आणि गंज घट्ट बसला होता. बाकीच्या तिन्ही भोकांतून मी टॅप फिरवून घेतला होता. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार, दिसायला बोल्टसारखं, पण अंगावर उभ्या खाचा असलेलं. हा इंची मापाचा टॅप बाबांचा होता. तो सरळ धरायला दोन्हीकडं मुठी असलेला दांडा लागतो. चौथ्या भोकापाशी मागचा पत्रा आड येत होता, दांडा फिरत नव्हता. तिथं करायचं काम एकच होतं, अख्खं हेड उतरवायचं. त्याला दोन दिवस गेले असते.

नाना बाहेर प्रोफेसरांशी बोलत होते. त्यांचा आवाज आत येत होता. "आज संध्याकाळी गाडी तयार बघा, सर. शब्द दिला म्हणजे दिला."

मी दांडा काढला आणि टॅपच्या डोक्याला साधा पाना लावला.

पहिला वेढा बरा गेला. दुसऱ्याला हाताला काहीतरी वेगळं लागलं. टॅप जुन्या आट्यांतून जात नव्हता, तो त्यांना आडवा कापत निघाला होता. मी थांबले, उलटा फिरवला, पुन्हा लावला. तो परत त्याच वाकड्या वाटेनं गेला. काढून भोकात टॉर्च मारला, तेव्हा अर्धे आटे गेलेले दिसले.

त्या क्षणी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. बाहेर दहा पावलांवर नाना उभे होते. मी बुचाला सूत गुंडाळलं, फट बुजवायचा सफेता लावला आणि पिळायला घेतलं. बूच धरलं. शेवटच्या वेढ्याला पाना किंचित मऊ गेला. ज्यानं आयुष्यात शंभर बोल्ट पिळलेत त्याला हा मऊपणा कळतो, आतले आटे सुटायला आलेले असतात. मी हात थांबवला आणि वर लागलेला सफेता चिंधीनं पुसून घेतला.

नाना आत आले. त्यांनी दिवा खाली घेतला, एकेका बुचावर बोट फिरवलं. चौथ्यावर जरा जास्त वेळ.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले.

"बरं," नाना म्हणाले आणि त्यांनी प्रोफेसरांना हाक मारली.

इंजिन सुरू झालं. किंचाळी नाही, कुठं फुसफूस नाही. प्रोफेसरांच्या पत्नी सरोजिनीबाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या. त्यांना दम्याचा त्रास होता, पदर नाकाला लावून त्या उभ्या राहिल्या. "गेला बाई तो आवाज एकदाचा!" त्या हसून म्हणाल्या. "आता रत्नागिरीपर्यंत दोन शब्द बोलता तरी येतील." रविवारी रत्नागिरीला त्यांच्या भावाची साठीशांत होती. शुक्रवारी सकाळी सातला दोघं निघणार होती.

"टप लावूनच जा, सर," नाना म्हणाले. "मलकापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू हाय. धुरळा लई."

"काचा बंद, टप बंद, हीटर चालू," प्रोफेसर म्हणाले. "हिला गार हवाही सोसत नाही."

मी पाने गोळा करत होते. हे सगळं मी ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मी लेथ पुसत होते. बाबा दारातल्या बाजेवर बसून डाव्या हातानं हत्यारं साफ करत होते. झटका आल्यापासून हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. टॅपच्या खाचेत त्यांनी काडी घातली आणि ते थांबले. काडीच्या टोकावर बिडाचा एक तुकडा होता. भुगा नव्हे, तुकडा. त्यावर आट्याच्या दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या.

"कुठ... लं?" बाबांनी विचारलं.

 त्यांनी तुकडा तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला.

"त्या लाल गाडीचं," मी म्हणाले. "मागचं भोक. बूच बसलंय, बाबा. मी बघितलंय. गाडी चालू करून बघितली."

बाबांनी काडी खाली ठेवली. त्यांनी तोंड दोनतीनदा उघडलं, मिटलं. मग मोठ्या कष्टानं एकच शब्द आला.

"सु... टंल."

गरम झालं, चढ लागला की सुटेल. मला ते कालपासून माहीत होतं. पण कानावर पडल्यावर त्याच्यापुढचंही सगळं एका झटक्यात दिसलं. भोकातला धूर बॉनेटखाली साठणार. हीटरचा पंखा तिथलीच हवा ओढून आत सोडणार. टप बंद, काचा बंद.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजून गेले होते.

मी पळत नानांच्या गॅरेजकडं गेले. शटर बंद होतं. शुक्रवारी नाना उशिरा येत. चहाच्या गाड्यावाल्याला म्हणाले, "नाना आले की सांगा, मालन अमेरिकावाल्या गाडीच्या मागं गेली. रत्नागिरी रस्त्यानं. एवढंच सांगा, लगेच." आणि तशीच नाक्यावर आले. हातात एक पाना होता. तो का घेतला होता, मला आजही सांगता येणार नाही.

भाजीचा एक टेम्पो आला. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. ड्रायव्हर यासीन बागवान, माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठा, आंबा घाटाकडच्या हॉटेलांना भाजी पोचवायला निघालेला.

"ताई, मरायचं हाय का?"

"लाल रंगाची छोटी गाडी पुढं गेलीय. तिला गाठायचंय. त्यात दोघं आहेत आणि गाडीत विषारी धूर भरतोय."

त्यानं माझ्या हातातल्या पान्याकडं बघितलं. "बसा," तो म्हणाला.

टेम्पो चाळीसच्या वर जाईना. पन्हाळ्याचा फाटा गेला. उसाच्या बैलगाड्या आडव्या येत होत्या. यासीन प्रत्येक गाडीमागं हॉर्न दाबून धरत होता. माझी नजर पुढच्या वळणावर, लाल काही दिसतं का ते बघत.

"गाडी कुणाची?" त्यानं विचारलं.

"एका प्रोफेसरांची."

"आणि बिघाड कुणी केला?"

मी म्हणाले, "तुम्ही चालवा." 

बांबवड्याला हॉटेलापाशी त्यानं टेम्पो थांबवला आणि खिडकीतूनच ओरडला. हॉटेलवाला बाहेर आला. "लाल गाडी? थांबली हुती की. म्हातारे चहा प्याले. बाईंनी घेतला न्हाई, डोकं दुखतंय म्हणाल्या."

"गाडीचा आवाज कसा होता?" मी विचारलं.

"जाताना फटफट वाजत हुती. मी म्हणलं, सायलेन्सर गेला काय तुमचा."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास. थोडं इकडं तिकडं."

म्हणजे बूच हललं होतं. पुरतं उडालं नसेल, पण धूर यायला लागला होता. मलकापूर गेलं. रस्त्याचं काम लागलं. धुरळ्यानं पुढचं दिसेना. खडी पसरणाऱ्या माणसांना यासीन हात करून विचारत होता आणि ती माणसं पुढं बोट दाखवत होती. पुढं, पुढं. मग धुरळा संपला, चढ लागला, झाडी दाट झाली. आंब्याजवळ आलो तसं धुकं उतरलं. ऊन कुठंच नव्हतं. यासीननं दिवे लावले.

"ती बघा," तो म्हणाला.

गाडी डाव्या अंगाला, झाडाखाली उभी होती. लाल रंग धुक्यात मळकट दिसत होता. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. आणि इंजिन चालू होतं. फट्, फट्, फट्.

टेम्पो थांबायच्या आत मी उडी मारली. ड्रायव्हरच्या बाजूला म्हणून उजवीकडं धावले, दार ओढलं, आणि आत सरोजिनीबाई होत्या. गाडी अमेरिकेची, स्टिअरिंग डावीकडं. हे मला माहीत होतं, कालचा अख्खा दिवस मी त्या गाडीत डोकं घालून होते, तरी विसरले. आतून गरम हवेचा झोत तोंडावर आला. बाई कलंडल्या होत्या. गाल गुलाबी, एखाद्या तापलेल्या लेकरासारखे. त्यांच्या अंगावरून हात लांब करून मी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. पलीकडं प्रोफेसरांनी मान उचलायचा प्रयत्न केला.

"जरा... थांबलोय," ते म्हणाले. "हिला... बरं वाटेना."

यासीननं त्यांना ओढून गवतावर बसवलं. गार हवेत ते खोकले, ओकले, मग हातांवर रेलून श्वास घेऊ लागले. बाईंना मी काखेत हात घालून बाहेर ओढलं. त्यांचं डोकं माझ्या छातीवर पडलं. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडले नाहीत. श्वास होता, पण मधूनच थांबत होता.

"मागं घ्या, टेम्पोत," यासीन म्हणाला. "वारं लागंल."

कोबीच्या पोत्यांवर त्यांना आडवं केलं. मी मागं बसून त्यांना उठवून धरलं, तोंड वाऱ्याकडं. प्रोफेसरांना पुढं बसवलं. यासीननं टेम्पो वळवला आणि मलकापूरच्या दिशेनं सोडला. त्या रस्त्यावर मी श्वास मोजले. एक. दोन. मग काहीच नाही. मग तीन. मी त्यांच्या कानाशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं की 'काकू, काकू' म्हणत होते, आणि आदल्या दिवसापर्यंत मी त्यांना बाई म्हणत होते.

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. गाल बघताच त्यांनी धुराची विषबाधा ओळखली. ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, मुखवटा लावला. तास गेला. दुसरा तास गेला. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. साडेबाराच्या सुमारास बाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याचं नाव विचारलं, म्हणजे स्वतःच सांगितलं आणि "बरोबर ना?" म्हणून विचारलं. डॉक्टर हसले. बाहेर येऊन म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं तशाच राहिल्या असत्या तर मी काही करू शकलो नसतो."

प्रोफेसर भिंतीचा आधार घेत व्हरांड्यात आले. त्यांचे डोळे लाल होते. माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस.

"तू आली नसतीस तर," एवढं म्हणून ते थांबले.

मी खाली बघितलं. 

तेवढ्यात नानांची जीप आली. निरोप मिळाल्यावर ते आधी आंब्यापर्यंत जाऊन गाडी बघून आले होते. उतरले ते सरळ प्रोफेसरांपुढं गेले. "मागचं बूच उडालं, सर. माझ्या गॅरेजचं काम. माझी चूक." प्रोफेसर नुसतं म्हणाले, "आत्ता नको, चौगुले." आणि आत निघून गेले.

बाबा घरी एकटे होते. यासीन भाजी घेऊन गेला होता. नाना म्हणाले, चल, तुला सोडतो, संध्याकाळी मी परत येतो. मी जीपमध्ये बसले. बांबवडं आलं. मग मला राहवेना.

"नाना, चूक तुमची नव्हती. टॅप वाकडा गेला. माझ्या हातून. आटे गेले होते आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

नानांनी गिअर बदलला. रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"आज बघितलंत ना, भोक उघडं पडल्यावर..."

"काल." त्यांचा आवाज खाली गेला. "काल बोट फिरवलं तवाच कळलं. बूच तिरकं बसलं हुतं. तीस वर्सं ह्याच धंद्यात हाय मी, माले."

मला आधी अर्थच कळेना. 

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? सर दारात उभं. मी शब्द दिलेला. आणि सगळ्या गल्लीला सांगून बसलेलो की हिचं काम वाकडं पडत न्हाई म्हणून. हेड उतरवायचं म्हणलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. तुझ्याकडं पुन्हा कोण आलं असतं?" नानांनी पुढच्या बैलगाडीला हॉर्न दिला. "मला वाटलं, रत्नागिरीपतोर जाऊन येईल. आली की बघू गपचूप. तू काही बोलंनास, मला वाटलं पोरगी घाबरलीय. आपण झाकू."

"आणि मी घाबरून बोलले नाही, की तुमचा शब्द खाली पडेल."

नानांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. उसाचा एक ट्रॅक्टर शेजारून गेला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोठा दणकट माणूस, त्याचे खांदे हलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

मी म्हणाले, "नाना, त्यांनी मला हात जोडले."

त्यांनी टोपी घातली, जीप सुरू केली आणि वळवली.

दवाखान्यात आम्ही दोघं एकदमच आत गेलो. सरोजिनीबाई डोळे मिटून पडल्या होत्या, तोंडावर मुखवटा. प्रोफेसर कॉटशेजारी स्टुलावर होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. टॅप, पाना, दोन वेढे, सूत, सफेता. मधला एकही भाग गाळला नाही. मग नानांनी त्यांचं सांगितलं.

प्रोफेसर उठले. उठताना स्टूल मागं पडलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "दोघांनाही. हिला दमा आहे हे माहीत होतं. काचा बंद असणार हे माहीत होतं. आणि मी..." त्यांनी व्हरांड्याकडं बोट केलं. "मघाशी मी हिचे आभार मानले. बाहेर व्हा. दोघंही."

नाना वळले. मीही वळले.

"अहो," मागून आवाज आला. बाईंनी मुखवटा एका हातानं बाजूला केला होता. आवाज अगदी बारीक, धाप लागलेला. "थांब ग. त्या भोकाचं आता काय करणार?"

मी दारातच उभी राहिले. "हेड उतरवायचं. भोक थोडं मोठं करायचं. मशिनवर सरळ आटे पाडायचे आणि त्या मापाचं नवं बूच करायचं."

"किती दिवस लागतात?"

"चार दिवस."

"काल सांगितलं असतं तरी चारच लागले असते?"

"हो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. न सुटणारं गणित बघावं तसं.

"मग सांगायचं नाही का? दादाला तार केली असती, येत नाही म्हणून. आम्ही थांबलो असतो ग."

प्रोफेसरांनी पुढं होऊन मुखवटा पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला. आम्ही बाहेर आलो.

गाडी दुसऱ्या कुणाकडं जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. सोमवारी प्रोफेसरांचा निरोप आला की गाडी आंब्याहून ओढून आणा आणि काम करा. त्यापलीकडं एक शब्द नाही. नानांनी चहाच्या गाड्यापाशी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, स्वतःचंही आणि माझंही. त्यानंतर माझी तीन गिऱ्हाइकं सुटली. नानांची किती सुटली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

हेड उतरवून मी लेथवर आणलं. बाबा बाजेवरून उठून भिंत धरत आले आणि शेजारी बसले. भोक वाढवताना आत एक बारीक चीर दिसली. ती आधी भरून घ्यावी लागणार होती. चौथ्या दिवशी सकाळी प्रोफेसर दारात येऊन उभे राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. आत चीर आहे. अजून दोन दिवस लागतील. कदाचित तीन."

मी हेड उजेडाकडं तिरकं करून त्यांना चीर दाखवली. त्यांनी चष्मा काढला, वाकून नीट बघितली, बोट फिरवलं.

"बरं," ते म्हणाले, आणि रिक्षात बसून घरी गेले.